चार्टर विमानाचा विलंब आणि कायद्याचे उत्तरदायित्व

पावसाळा सरून समुद्र निवळला की गोव्याच्या किनारपट्टीवर नव्या पर्यटन हंगामाची चाहूल लागते. शॅकच्या झावळ्या नव्याने शाकारल्या जातात, टॅक्सीचालक गाड्यांची डागडुजी करून घेतात आणि हॉटेलांतून परदेशी पाहुण्यांच्या नोंदींची जुळवाजुळव सुरू होते. या पाहुण्यांपैकी पुष्कळसे चार्टर विमानाने येतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जर्मनी, ब्रिटन, स्कँडिनेव्हियातील देश आणि पुढे रशिया येथून अशी विमाने दाबोळीस येऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून त्यांना दुसरेही ठिकाण मिळाले.

हे विमान वेळेवर आले तर त्याची चर्चा कोणी करीत नाही. ते पंधरा-वीस तास खोळंबले किंवा मुळीच आले नाही, तर मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. खोली रिकामी करून सामानासह आगतकक्षात बसलेला पाहुणा हॉटेलच्या कारकुनास विचारतो, विमानतळावर सोडावयास आलेल्या टॅक्सीचालकास विचारतो, कधी कधी गावच्या पंचायतीच्या सचिवासही विचारतो, की आजच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे कोणी द्यावयाचे? वाया गेलेल्या दिवसाची भरपाई कोणाकडे मागावयाची? या प्रश्नांचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण ते बरेचसे निश्चित आहे, आणि ते ठाऊक असणे पाहुण्याइतकेच यजमानाच्याही हिताचे आहे.

विमान एकाचे, प्रवासी दुसऱ्याचे

नियमित विमानसेवेत प्रवासी व विमान कंपनी यांच्यात सरळ करार असतो. प्रवासी तिकीट विकत घेतो, कंपनी त्यास नेऊन पोचविते. चार्टर विमानाची गोष्ट निराळी आहे. तेथे एखादा सहल संयोजक संपूर्ण विमान, अथवा त्यातील ठराविक जागा, हंगामभरासाठी एकरकमी दराने घेतो. जागा भरल्या तर नफा त्याचा, रिकाम्या राहिल्या तर तोटाही त्याचाच. मग तो विमानाची जागा, हॉटेलची खोली, विमानतळ ते हॉटेल हा प्रवास आणि क्वचित भोजन ही सर्व एकत्र बांधून एकाच किमतीस विकतो. हीच पॅकेज सहल होय.

अनेकदा संयोजक आणि विमान कंपनी यांच्यामध्ये आणखी एक दलाल असतो. विमान कंपनी आपल्या जागा दलालास विकते, दलाल त्या निरनिराळ्या संयोजकांना वाटून देतो. ऐन वेळी विमानात बिघाड झाला तर कंपनी दुसऱ्याच कंपनीचे विमान, वैमानिक व सेवकवर्गासह, भाड्याने घेते. अशा रीतीने पाहुण्याच्या हातातील कागदावर एक नाव, विमानाच्या शेपटीवर दुसरे आणि वैमानिकाच्या गणवेशावर तिसरे नाव असणे अशक्य नसते.

चार्टर विमानांना विलंब झाला म्हणजे तो मोठाच का होतो, याचे कारणही याच रचनेत आहे. ही विमाने बहुधा आठवड्यातून एकदा येतात. जे विमान नवे पाहुणे घेऊन येते तेच जुन्या पाहुण्यांना घेऊन परत जाते. त्यामुळे मँचेस्टरला सकाळी झालेल्या बिघाडाचा फटका रात्री गोव्यात बसतो. नियमित कंपनीकडे त्याच मार्गावर दुसऱ्या दिवशी दुसरे विमान असते, चार्टर कंपनीकडे ते नसते. शिवाय दाबोळीची धावपट्टी नौदलाच्या तळावर असल्याने तेथील वेळापत्रकावर पूर्वीपासून मर्यादा आहेत. ठरलेली वेळ एकदा हुकली की दुसरी वेळ मिळणे सोपे नसते.

विमान कंपनीची जबाबदारी

युरोपीय संघाने १९९१ साली केलेला पहिला नियम फक्त नियमित उड्डाणांना लागू होता, आणि तोही जागा नाकारली गेली तर. चार्टरचे प्रवासी त्याच्या कक्षेबाहेर होते. २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या विनियमाने हा भेद काढून टाकला. १७ फेब्रुवारी २००५ पासून अंमलात आलेल्या या विनियमात पॅकेज सहलीचा भाग असलेल्या उड्डाणांचाही समावेश आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणारे कोणतेही विमान, आणि संघाबाहेरून संघात जाणारे परंतु संघातील कंपनीचे विमान, या दोहोंना तो लागू पडतो. म्हणजे फ्रँकफुर्टहून गोव्यास येणारे जर्मन कंपनीचे विमान जाता-येता दोन्ही वेळा त्याच्या कक्षेत येते.

उड्डाण रद्द झाल्यास मिळणारी भरपाई अंतरावर ठरविलेली आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० किलोमीटरपर्यंत ४०० युरो आणि संघाबाहेरच्या त्याहून लांबच्या प्रवासास ६०० युरो. ही रक्कम दर माणशी असून तिकिटाच्या किमतीशी तिचा संबंध नाही. युरोपातून गोवा हे अंतर अर्थातच शेवटच्या वर्गात मोडते. उड्डाण रद्द झाल्याची सूचना किमान चौदा दिवस अगोदर दिली असेल तर ही भरपाई द्यावी लागत नाही. ब्रिटनने संघ सोडल्यावरही हाच कायदा आपल्या पुस्तकात कायम ठेवला. फरक इतकाच की तेथे रकमा २२०, ३५० व ५२० पौंड अशा लिहिल्या आहेत.

गंमत अशी की, विनियमाच्या मूळ शब्दांत विलंबासाठी रोख भरपाईची तरतूद नव्हतीच. विलंब झाल्यास चहापाणी, भोजन, दोन दूरध्वनी आणि रात्र काढावी लागल्यास हॉटेल, एवढीच सोय सांगितली होती. कंपन्यांनी याचा सोयीस्कर अर्थ लावला. पंचवीस तासांनी निघालेल्या विमानासही त्या रद्द न म्हणता ‘विलंबित’ म्हणू लागल्या. या प्रश्नाचा निकाल ज्या खटल्यात लागला त्यातील प्रतिवादी कंपनी होती कोंडोर. सुटीच्या प्रवाशांची ने-आण करणाऱ्या या जर्मन कंपनीची विमाने गोव्यासही येत असत. एक कुटुंब जुलै २००५ मध्ये टोरांटोहून फ्रँकफुर्टला परतत होते. ते ठरल्या वेळेपेक्षा सुमारे पंचवीस तास उशिरा पोचले. १९ नोव्हेंबर २००९ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, मुक्कामी पोचण्यास तीन तास अथवा अधिक विलंब झाला तर प्रवाशाचा वेळ तितकाच वाया जातो, म्हणून रद्द उड्डाणाची भरपाई त्यालाही मिळाली पाहिजे. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात विलंब तीन ते चार तासांचा असेल तर कंपनीस ही रक्कम निम्मी करता येते.

कंपनीची सुटका होते ती एकाच वाटेने. सर्व वाजवी उपाय योजूनही टळले नसते अशा असाधारण परिस्थितीमुळे विमान खोळंबले, हे तिने सिद्ध करावयाचे असते. सिद्धतेचा भार तिच्यावर असतो, प्रवाशावर नव्हे. आता असाधारण म्हणजे काय? ‘तांत्रिक बिघाड’ हे कारण फलकावर नेहमी झळकते, पण २००८ साली आलितालिया कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, यंत्रात बिघाड होणे हा विमान चालविण्याच्या धंद्याचा रोजचाच भाग आहे. पक्ष्याची धडक, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा आदेश या गोष्टी मात्र बाहेरच्या मानल्या जातात. ऑक्टोबर २०१६ मध्ये टुईफ्लाय या कंपनीच्या सेवकांनी पुनर्रचनेच्या घोषणेनंतर घाऊक आजारपणाच्या रजा टाकल्या आणि उड्डाणे कोलमडली. त्यासही २०१८ साली न्यायालयाने असाधारण मानले नाही. आपल्याच घरातील भांडण बाहेरचे कसे ठरेल, असा त्या निर्णयाचा मथितार्थ आहे.

आणि असाधारण परिस्थिती सिद्ध झाली तरी सुटका फक्त रोख भरपाईपुरती होते. प्रवाशाचे खाणेपिणे व निवारा यांची जबाबदारी टळत नाही. आईसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने एप्रिल २०१० मध्ये युरोपचे आकाश बंद झाले असतानाचीही ही जबाबदारी न्यायालयाने २०१३ साली कायम ठेवली.

दुसऱ्या कंपनीचे विमान भाड्याने घेतले तर कोण बांधील, हा प्रश्न हँबुर्ग ते कानकून या उड्डाणासंबंधी उपस्थित झाला. विमान व सेवकवर्ग थॉमसन कंपनीचा, पण उड्डाणाचा कार्यक्रम टुईफ्लायचा. ज्या कंपनीने उड्डाण ठरविले आणि त्याची व्यवस्थापकीय जबाबदारी घेतली तीच बांधील, असे ४ जुलै २०१८ रोजी ठरले. शेपटीवरील नाव पाहून दावा लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

संयोजकाची जबाबदारी

विमान कंपनीकडून मिळणारी रक्कम वेळेच्या नुकसानीची असते. पण सहल ही केवळ प्रवास नव्हे. चौदा दिवसांची सुटी बारा दिवसांची झाली, पहिल्या रात्रीची खोली रिकामीच राहिली, तर ते नुकसान सहलीच्या कराराचे आहे आणि त्यासाठी संयोजकास जाब विचारावा लागतो.

युरोपात यासाठी प्रथम १९९० साली निर्देश निघाला. २०१५ च्या नव्या निर्देशाने त्याची जागा घेतली आणि १ जुलै २०१८ पासून सर्व सदस्य देशांत त्यानुसारचे कायदे लागू झाले. त्याचे मुख्य सूत्र असे की, सहलीतील सेवा प्रत्यक्षात कोणी का पुरवीना, ती नीट पार पाडण्याची जबाबदारी संयोजकाची. ‘विमान आमचे नव्हते’ हे उत्तर त्यास देता येत नाही. सेवेत उणीव राहिली तर किंमत कमी करून मिळण्याचा हक्क प्रवाशास आहे आणि त्यासाठी संयोजकाचा दोष दाखविण्याची आवश्यकता नाही. कॅनरी बेटांवर सुटीसाठी गेलेल्या एका जोडप्याची सहल मार्च २०२० मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे निरर्थक झाली. संयोजकाचा त्यात काही अपराध नव्हता, तरीही किंमत कमी करून देणे त्यास भाग आहे, असे १२ जानेवारी २०२३ च्या निर्णयात म्हटले आहे. किमतीतील कपातीव्यतिरिक्त वेगळी नुकसानभरपाई मागावयाची तर मात्र असाधारण परिस्थितीचा बचाव संयोजकास उपलब्ध असतो.

किंमत किती कमी करावयाची? जर्मनीत फ्रँकफुर्टच्या जिल्हा न्यायालयाने १९८५ साली एक कोष्टक प्रसिद्ध केले. ते बंधनकारक नाही, परंतु वाटाघाटीत त्याचा आधार घेतला जातो. चार तासांपर्यंतचा विलंब प्रवासाची सामान्य गैरसोय म्हणून सोडून द्यावा आणि त्यापुढील प्रत्येक तासास एका दिवसाच्या किमतीच्या पाच टक्के कपात द्यावी, असे त्यात म्हटले आहे. चौदा दिवसांची सहल १,४०० युरोंस घेतली असेल तर एका दिवसाची किंमत १०० युरो होते. विमान चौदा तास उशिरा निघाले तर चार तास वजा जाता दहा तासांचे ५० युरो होतात. विमान कंपनीच्या ६०० युरोंपुढे ही रक्कम क्षुल्लक वाटेल, आणि आहेच. शिवाय २०१५ च्या निर्देशानुसार एकाच नुकसानीसाठी दोन्हीकडून दुहेरी वसुली करता येत नाही; एकीकडून मिळालेली रक्कम दुसरीकडच्या रकमेतून वजा होते. संयोजकावरील दावा महत्त्वाचा ठरतो तो मोठा विलंब झाल्यास, सहलच रद्द झाल्यास, किंवा विमान कंपनी असाधारण परिस्थितीचे कारण देऊन मोकळी झाल्यास.

सुटीच्या आनंदाची किंमत करता येते काय, या प्रश्नावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने फार पूर्वीच निर्णय दिला होता. स्वान्स टूर्स या संयोजकाने स्वित्झर्लंडमधील हिवाळी सहलीची जाहिरात घरगुती मेजवानीसारख्या संगतीचे आश्वासन देऊन केली होती. दुसऱ्या आठवड्यात त्या हॉटेलात हा एकच पाहुणा उरला, आणि गाणी म्हणावयास यावयाचा तो गायक कामाच्या कपड्यांतच येऊन चार गाणी उरकून निघून गेला. ६३ पौंड ४५ पेन्सच्या सहलीसाठी खालच्या न्यायालयाने किमतीच्या निम्मी रक्कम दिली होती. लॉर्ड डेनिंग यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ती वाढवून १२५ पौंड केली. म्हणजे किमतीच्या जवळजवळ दुप्पट. विमानाशी या खटल्याचा संबंध नाही, परंतु हिरावलेल्या सुटीची भरपाई मागणारे इंग्लंडमधील पुढील पुष्कळ दावे त्याच्या आधारे उभे राहिले.

आणखी दोन तरतुदी सांगण्याजोग्या आहेत. पुरेसे प्रवासी मिळाले नाहीत म्हणून संयोजक सहल रद्द करू शकतो, पण सहा दिवसांहून अधिक कालावधीच्या सहलीसाठी त्याने किमान वीस दिवस आधी तसे कळविले पाहिजे आणि पैसे चौदा दिवसांत परत केले पाहिजेत. तसेच असाधारण परिस्थितीमुळे परतीचा प्रवास अशक्य झाला तर तीन रात्रींपर्यंतच्या निवाऱ्याचा खर्च संयोजकाने सोसावयाचा असतो. गोव्यातील हॉटेलचालकांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष उपयोगाची आहे. अडकलेल्या पाहुण्याकडे बिल मागण्यापूर्वी संयोजकाच्या स्थानिक प्रतिनिधीकडून लेखी हमी मागणे अधिक योग्य ठरते.

दोन दरवाजांमध्ये अडकलेले प्रवासी

विमान कंपनी आणि संयोजक असे दोन दरवाजे असले तरी एका दरवाजाने जाण्याचा हक्क असला की दुसरा कधी कधी बंद होतो. याचे बोचरे उदाहरण नेदरलँड्समध्ये घडले.

मार्च २०१५ मध्ये तिघा प्रवाशांनी हेलास ट्रॅव्हल या संयोजकाकडून ग्रीसमधील कोर्फू बेटाची सहल घेतली. विमान ग्रोनिंगेनजवळील एल्डे विमानतळावरून सुटावयाचे होते आणि ते ईजियन एअरलाइन्स या ग्रीक कंपनीचे होते. ईजियनने जागा सायप्रसमधील एका चार्टर दलालास दिल्या होत्या, दलालाने त्या हेलासला दिल्या होत्या. मे ते सप्टेंबर दर शुक्रवारी एक उड्डाण, असा बेत होता. १७ जुलैच्या प्रवासाची तिकिटे प्रवाशांना मिळाली. त्यांवर ईजियनचे बोधचिन्हही होते.

त्या उन्हाळ्यात ग्रीसची आर्थिक स्थिती कमालीची अनिश्चित झाली होती. नव्या नोंदण्या थंडावल्या, जुन्या रद्द होऊ लागल्या. ठरलेली किंमत मिळत नाही असे पाहून ईजियनने १७ जुलैपासून उड्डाणेच बंद केली आणि अवघे काही दिवस आधी हेलासने प्रवाशांना सहल रद्द झाल्याचे कळविले. पैसे परत मिळाले नाहीत. ऑगस्ट २०१६ मध्ये हेलासचे दिवाळे वाजले.

प्रवाशांनी ईजियनवर दावा लावला. उड्डाण रद्द झाल्याबद्दलची ठराविक भरपाई तेथील न्यायालयाने त्यांना मंजूर केली. प्रश्न उरला तिकिटाच्या किमतीचा. विनियमात असे म्हटले आहे की, तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा हक्क पॅकेज सहलीच्या प्रवाशासही आहे, परंतु पॅकेज सहलीच्या कायद्याखाली तो हक्क उत्पन्न होत असेल तर तो अपवाद. प्रवाशांचे म्हणणे साधे होते: कागदावर हक्क आहे, पण देणारा बुडाला आहे, मग विमान कंपनीकडे का मागू नये? १० जुलै २०१९ रोजी युरोपीय न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. संयोजकाकडे मागण्याचा हक्क अस्तित्वात असणे पुरेसे आहे. संयोजकाजवळ पैसे आहेत की नाहीत याचा त्याच्याशी संबंध नाही. दिवाळखोरीपासून प्रवाशास वाचविण्यासाठी संयोजकाने हमी ठेवावयाची असते. ती ठेवली गेली नसेल आणि त्यात देशाच्या कायद्याचाच दोष असेल, तर शासनास जबाबदार धरता येईल, असेही न्यायालयाने दाखवून दिले. कायद्याच्या भाषेत हा निर्णय सुसंगत असेल, पण त्या तिघांच्या पदरी काय पडले, याचा विचार केला म्हणजे हमीपत्राचे महत्त्व शब्दांपेक्षा अधिक चांगले समजते.

कधी कधी दोष मधल्या एजंटाचा असतो. सुरिनाम एअरवेजने ॲमस्टरडॅम ते पारामारिबो हे नोव्हेंबर २०१४ मधील उड्डाण एक दिवस पुढे ढकलले. एजंट संस्थेस महिनाभर आधी कळविले होते. एजंटाने प्रवाशास कळविले ते प्रवासाच्या अवघे दहा दिवस आधी. कंपनी म्हणाली, विलंब एजंटाचा आहे. न्यायालय २०१७ साली म्हणाले, सूचना प्रवाशापर्यंत पोचली पाहिजे. ६०० युरो कंपनीनेच द्यावे, मग हवे तर तिने एजंटाकडून वसूल करावे. तसेच संयोजकाने प्रवाशास दिलेला उड्डाणाचा कागद हा पक्क्या नोंदणीचा पुरावा ठरतो आणि एक तासाहून अधिक अलीकडे आणलेले उड्डाण हे रद्द उड्डाणासमान होय, असे डिसेंबर २०२१ मध्ये ठरले. चार्टर विमानांच्या वेळा मागे-पुढे करण्याच्या सवयीस या निर्णयाने बराच आळा बसला.

जामनगरची रात्र

वरील सर्व नियम युरोपचे. रशियातून गोव्यास येणाऱ्या चार्टर विमानांना ते लागू पडत नाहीत. ९ जानेवारी २०२३ रोजी मॉस्कोहून गोव्यास येणारे अझूर एअरचे विमान बाँबच्या धमकीमुळे जामनगरच्या हवाई तळावर उतरविण्यात आले. त्यात २३६ प्रवासी होते. रात्रभर तपासणी झाली, काही आढळले नाही आणि दुसऱ्या दिवशी विमान गोव्याकडे निघाले.

अशा प्रसंगी कोणता कायदा लागतो? येथे १९९९ चा माँट्रियल करार उपयोगी पडतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला व त्यासाठी १९७२ च्या हवाई वाहतूक अधिनियमात दुरुस्ती झाली. रशिया २०१७ साली सामील झाला. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार विलंबामुळे झालेल्या नुकसानीस विमान कंपनी जबाबदार असते, पण सर्व वाजवी उपाय योजले होते असे तिने दाखविले तर ती मुक्त होते. बाँबच्या धमकीत विमान खाली उतरविण्याखेरीज दुसरा उपायच नसल्याने या प्रसंगी कंपनीचा बचाव भक्कम असता. शिवाय या करारात ठराविक रक्कम नाही. प्रत्यक्ष झालेले नुकसान पावत्यांसह सिद्ध करावे लागते आणि त्यास दर प्रवाशामागे कमाल मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती ६,३०३ विशेष आहरण हक्क इतकी आहे. विशेष आहरण हक्क हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून ही मर्यादा रुपयांत सात-आठ लाखांच्या घरात जाते.

चार्टरच्या दृष्टीने या करारातील पाचवे प्रकरण महत्त्वाचे आहे. ज्याने प्रवाशाशी करार केला तो आणि ज्याने प्रत्यक्षात विमान चालविले तो, असे दोघेही त्यात जबाबदार धरले आहेत, आणि दोघांपैकी कोणावरही अथवा दोघांवर मिळून दावा लावता येतो. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. युरोपच्या विनियमास ही दोन वर्षांची मुदत लागू नाही. गॅटविकहून डोमिनिकन प्रजासत्ताकास २००६ च्या डिसेंबरात गेलेल्या थॉमसनच्या विमानासंबंधीचा दावा जवळजवळ सहा वर्षांनी दाखल झाला आणि २०१४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

संयोजकच बुडाला तर

ऑगस्ट १९७४ मध्ये ब्रिटनमधील कोर्ट लाइन ही विमान कंपनी आणि तिच्याच ताब्यातील क्लार्कसन्स ही सहल संस्था ऐन सुटीच्या हंगामात एकदम बंद पडली. हजारो लोक परदेशांत अडकले, त्याहून अधिक लोकांचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. त्यानंतर तेथील संसदेने १९७५ साली राखीव निधीचा कायदा केला आणि हवाई सहलींच्या परवाना पद्धतीस बळ आले.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २३ सप्टेंबर २०१९ रोजी लागली. त्या पहाटे ब्रिटनची थॉमस कुक ही १७८ वर्षांची संस्था बंद पडली. तिचे सुमारे सहा लाख ग्राहक त्या वेळी परदेशांत होते, पैकी दीड लाखांहून अधिक ब्रिटनचे. तेथील नागरी विमान प्राधिकरणाने दोन आठवडे विमाने भाड्याने घेऊन त्यांना घरी आणले. हे घडले गोव्याचा हंगाम तोंडावर असताना. त्या कंपनीची हिवाळी चार्टर विमाने गोव्यास यावयाची होती, ती आली नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर खोल्या राखून ठेवणाऱ्यांना ऐन वेळी दुसरे पाहुणे शोधावे लागले. भारतातील थॉमस कुक ही संस्था २०१२ पासून वेगळ्या मालकीची असल्याने तिच्यावर या दिवाळ्याचा बोजा पडला नाही, तरी नामसाधर्म्यामुळे तिला खुलासे करावे लागले.

यातून हॉटेलव्यवसायासंबंधी एक बाब स्पष्ट झाली. हमीची योजना ही प्रवाशाच्या रक्षणासाठी असते. त्या दिवशी हॉटेलात असलेल्या पाहुण्यांच्या मुक्कामाची हमी प्राधिकरणाने घेतली. त्याच सुमारास ट्युनिशियात एका हॉटेलने फाटक बंद करून पाहुण्यांकडे जादा पैसे मागितल्याचे वृत्त जगभर गाजले. परंतु आधीच्या महिन्यांच्या थकलेल्या बिलांसाठी हॉटेलचालकांना इतर धनकोंच्या रांगेतच उभे राहावे लागले. परदेशी संयोजकाशी करार करताना आगाऊ रक्कम किती, उरलेली किती दिवसांत, विमान न आल्यास राखीव खोल्यांचे काय आणि वाद झाल्यास कोणत्या न्यायालयात, या चार गोष्टी लिहून घेतल्या नाहीत तर पुढे वकिलाचा खर्च वसुलीपेक्षा अधिक होतो.

आपल्याकडील प्रवासी

गोवा, बेळगाव, बडोदे अथवा इंदूर येथून काश्मीर, अंदमान किंवा युरोपच्या पॅकेज सहलीस जाणाऱ्यांची संख्या आता लहान नाही. निवृत्त शिक्षकांचे गट, देवदर्शनास जाणारी मंडळी यांत विशेष दिसतात. त्यांच्यासाठी भारतात पॅकेज सहलीचा स्वतंत्र कायदा नाही. आधार आहेत ते दोन.

पहिला, नागरी विमान महासंचालनालयाचे नियम. पुरेशी आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास, उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एकमार्गी मूळ भाडे व इंधन अधिभार, यांपैकी कमी असेल ती रक्कम कंपनीने द्यावयाची असते. केवळ विलंबासाठी रोख भरपाई नाही. भोजन, अल्पोपाहार आणि दीर्घ विलंबात पर्यायी विमान, परतावा अथवा हॉटेल एवढीच सोय आहे. युरोपच्या मानाने हे संरक्षण तोकडे आहे हे मान्य करावे लागेल.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा होय. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या या अधिनियमानुसार तक्रारदार जेथे राहतो अथवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेच तक्रार करता येते. संयोजकाचे कार्यालय मुंबईस किंवा दिल्लीस आहे म्हणून तेथवर जाण्याचे कारण नाही. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क पडत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. संयोजक व विमान कंपनी या दोघांनाही प्रतिपक्ष करता येते, आणि सहसा तसे करणेच श्रेयस्कर. नाही तर प्रत्येक जण गैरहजर असलेल्या दुसऱ्याकडे बोट दाखवितो. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यतेचा १९१५ हा दूरध्वनी उपलब्ध आहे.

तक्रार टिकते ती कागदांवर. सहलीचा छापील कार्यक्रम, पैसे भरल्याची पावती, विमानात चढण्याचा पास, विलंबाचे कारण व वेळ यांविषयी कंपनीने पाठविलेला संदेश आणि मधल्या काळात झालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. कंपनीचा कर्मचारी तोंडी कारण सांगत असेल तर ते लेखी मागावे.

एक बारीकशी अडचण मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महासंचालनालयाच्या नियमांनुसार, नोंदणीच्या वेळी ज्या प्रवाशाने संपर्कासाठी पुरेशी माहिती दिलेली नाही त्यास रद्द उड्डाणाची भरपाई देण्यास कंपनी बांधील नाही. पॅकेज सहलीची तिकिटे एजंट एकगठ्ठा काढतो आणि वीस-वीस प्रवाशांच्या नावांपुढे स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक घालतो. सूचना आली तर ती त्याच्याकडे येते, आणि भरपाई नाकारली तर ती प्रवाशास. सहलीचे पैसे भरताना आपला स्वतःचा क्रमांक तिकिटावर नोंदविला आहे की नाही, हे एजंटाच्या कार्यालयातच पाहून घ्यावे.